डॉक्टर चिंचोलकरांच्या गाडीचा दम

आमच्या शेजारचे डॉक्टर चिंचोलकर रोज सकाळी, आंघोळीच्याही आधी, कानात स्टेथोस्कोप अडकवून अंगणात उकिडवे बसतात आणि आपल्या मोटरसायकलचं इंजिन ऐकतात. वर केलेल्या उजव्या हातानं ॲक्सिलरेटर हळूहळू पिळायचा, डाव्या हातानं ती चकती इंजिनाच्या अंगावर इथे तिथे टेकवायची आणि डोळे मिटून घ्यायचे. मधूनच मान हलते. पहिल्यांदा आलेला माणूस गेटातच थबकतो. मी त्याला सांगतो, या, आत या, तपासणी चालू आहे, पाच मिनिटांत सुटी होईल.

डॉक्टर जनावरांचे. बोथच्या सरकारी दवाखान्यात नोकरी आहे, पण दिवसातला अर्धा वेळ आजूबाजूच्या खेड्यांतून गोठ्यागोठ्यानं हिंडण्यात जातो. मी मराठी शाळेत गणित शिकवतो म्हणून मला ते गुरुजी म्हणतात. गाव त्यांना तेलुगू वळणानं 'डॉक्टर सार' म्हणतं. गाडी साडेतीनशे सीसीची, काळी, जुनी. तशी भली मजबूत गाडी. बोथसारख्या गावात तिला कमी म्हणणारा एकच माणूस, तो म्हणजे तिचा मालक. "गुरुजी, बाकी सगळं ठीक हाय," ते म्हणायचे, "चढावर दम कमी पडते."

मग गाडीत दम भरण्याचा तो कार्यक्रम सुरू झाला. आमच्या गल्लीनं तो सहन केला म्हणून लिहून ठेवतो.

पहिल्यांदा एअर फिल्टर बदलला. इंजिनाला श्वास मोकळा पाहिजे, असं डॉक्टरांनी मला पटवून दिलं आणि उदाहरण म्हणून न्युमोनिया झालेल्या एका म्हशीची हकिगत सांगितली. श्वास मोकळा झाला तर उच्छ्वासही मोकळा पाहिजे, म्हणून पाठोपाठ सायलेन्सर बदलला. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत घड्याळाची गरज उरली नाही. डॉक्टर निघाले की दूध नासावं असा आवाज व्हायचा.

पण खरा घोटाळा झाला तलमडुगुकडच्या खेड्यांत. जनावरं मुळीच बावळट नसतात. हा आवाज आला की थोड्या वेळानं मानेत सुई टोचली जाते, एवढा हिशोब तिथल्या बैलांनी आठवडाभरात जमवला. डॉक्टर अजून शिवारापलीकडे असायचे आणि इकडे गोठ्यात दावी तुटायची. एका शेतकऱ्याचा बैल तर आवाजासरशी जो पळाला तो कापसाच्या रानातून थेट दुसऱ्या गावच्या वेशीवर सापडला. शेतकरी चांगला माणूस. त्यानं हात जोडून विनंती केली, डॉक्टर सार, पुढच्या खेपेला बसनं या. त्याच आठवड्यात इचोड्याला हायवेवर पोलिसानं 'बंडी', म्हणजे गाडी, बाजूला घ्यायला लावून सायलेन्सरकडे नुसतं बोट दाखवलं. जुना सायलेन्सर परत आला. गल्ली झोपायला लागली.

डॉक्टरांनी हार मानली नाही. त्यांचा एक ठरलेला मंत्र होता. कोणी म्हटलं, डॉक्टर, एवढा खटाटोप काऊन करता, इकून टाका न, मोठी घ्या, की ते शांतपणे म्हणायचे, "जनावर तेच ठेवा, खुराक बदला." दवाखान्यातला कंपाउंडर हे वाक्य त्यांच्या पाठीमागे हुबेहूब म्हणून दाखवायचा.

तर खुराक बदलला. इचोड्याच्या अन्वरभाई मिस्त्रीकडे गाडी खोलली गेली आणि आत मोठा पिस्टन बसला. ताकद आली, पण डोकं तापायला लागलं. उन्हाळाभर डॉक्टर वाटेवरच्या प्रत्येक कडुलिंबाखाली गाडी लावून तिला वारा घेऊ देत उभे असलेले लोकांनी पाहिले. दोघांपैकी कोण दमलंय ते लांबून कळायचं नाही. त्यावर उपाय म्हणून तेल थंड करणारी जाळी बसली. मग मागचं, साखळी फिरते ते दात्यांचं चाक मोठं केलं. आता गाडी ट्रॅक्टरसारखी ओढायची, पण सपाटीवर पळायचं नाव नको. हायवेवर कापसाच्या गाठींनी भरलेले ट्रक डॉक्टरांना हॉर्न देऊन पुढे जायचे. पुन्हा दात्यांचं चाक बदललं, थोडं लहान.

शेवटी अन्वरभाईच कंटाळला. मी सोबत होतो. हात पुसत तो म्हणाला, "डॉक्टरसाब, मेरा धंदा है, मैं ना नहीं बोलता. पर एक बात बोलूँ? अब इसमें पुराना क्या रह गया, मेरे कू भी याद नहीं. बड़ी ले लो ना." डॉक्टर हसले. म्हणाले, नवीनचे पार्ट इथं कुठं मिळतात. दवाखान्यात विचारलं तर सांगायचे, मोठी गाडी पेट्रोल फार पिते. मला सांगितलेलं कारण तिसरंच होतं: मोठ्या गाडीला खेड्यातल्या बोळात वळवता येत नाही. गणिताच्या माणसाला एवढं कळतं, की एकाच प्रश्नाची इतकी उत्तरं येतात तेव्हा त्यातलं एकही बरोबर नसतं.

या सगळ्यात शैलावैनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, कुठेच नव्हत्या. अंगानं चांगल्या भरलेल्या, उंच, मोठ्यानं हसणाऱ्या. आमच्या घरी ताक त्यांच्याकडून येतं आणि सल्लाही. त्यांचे गुडघे दुखतात, त्यावरही त्या स्वतःच विनोद करतात. त्यांना गाडीबद्दल विचारलं तर म्हणायच्या, ते याईचं खेळणं हाय, मी कायले बोलू. त्यांची बहीण निर्मलला असते. तिकडे काही कार्य निघालं, की वैनी बसनं जायच्या आणि डॉक्टर मोटरसायकलवर. तेही वेगळे नाही, बसच्या मागे मागे, बसच्याच चालीनं. बस थांबली की हे थांबणार, बस निघाली की हे निघणार. कंडक्टरही ओळखायला लागला होता. आम्ही गल्लीत यावर पुष्कळ हसलो आहोत.

एकदा मात्र वाटलं, सुटलो. डॉक्टरांनी मला सांगितलं, चला गुरुजी, निजामाबादला मोठी गाडी पाहून येऊ. माझ्या कारनं आम्ही तिघं गेलो, वैनीही होत्या. साडेसहाशेची गाडी होती, दोन सिलिंडरची. डॉक्टर एक चक्कर मारून आले तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की शोरूमच्या पोरानं लगेच पेढ्याचा विषय काढला. मी चहा सांगायला म्हणून बाहेर गेलो. परत आलो तर डॉक्टर हेल्मेट परत देत होते.

"आवाज बरोबर नाई," ते म्हणाले.

स्टेथोस्कोप तर त्यांनी आणलाच नव्हता. वैनी काचेच्या दारापाशी उभ्या राहून पदराचं टोक नीट करत होत्या. परतीच्या वाटेवर कार चालवताना मी मनात म्हटलं, माणूस हटवादी आहे.

दुसऱ्याच आठवड्यात गाडी पुन्हा अन्वरभाईकडे. या वेळी आतल्या दांड्याचं काहीतरी केलं, इंधनाचं माप नव्यानं जुळवलं, आणि मागच्या चाकाचे शॉकॲब्सॉर्बर बदलले. शिवाय मागची सीट सोलून तिच्यात नवा जाड फोम भरला आणि बाजूला पाय ठेवायला रुंद पट्टी जोडून घेतली. मी विचारलं, यानं कोणता दम वाढतो? डॉक्टर म्हणाले, तोल सुधरते.

सीताफळांच्या दिवसांत एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. निर्मलला जाऊन यायचं होतं, वैनीच्या बहिणीकडे. मी माझी कार घेऊन मागून यावं, अशी त्यांची इच्छा होती. कशासाठी, तर "असू द्या सोबत." मी बाहेर आलो तर वैनी मोटरसायकलवर मागे बसलेल्या. एका बाजूला पाय सोडून, दोन्ही हात मांडीवर, फोटो काढायला बसवल्यासारख्या ताठ. त्यांना गाडीवर मी शेजारी आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं.

निर्मलच्या वाटेवर घाट आहे, जाताना तो उताराचा. निर्मलला जेवण झालं, गप्पा झाल्या, दुपारी परत निघालो. आता घाट चढायचा होता. मी मागे होतो. पहिल्या वळणाआधी डॉक्टर खांद्यातून आवळलेले दिसले. एक ट्रक धापा टाकत चालला होता. डॉक्टरांनी तो ओलांडला. दुसरं वळण गेलं, मग ते मोठं, उभ्या चढाचं वळण आलं. गाडीचा आवाज थोडा खोल गेला, पण तुटला नाही. एकसारखा, भरदार, सागाच्या झाडांतून वर जात राहिला. माझीच कार दोनदा गियर उतरवून कण्हत मागून गेली.

माथ्यावर सीताफळं विकणाऱ्या बायका बसलेल्या असतात. तिथं गाडी थांबली. डॉक्टर उतरले आणि सरळ फळं निवडायला गेले. वैनी उतरल्या, गुडघ्यावर हात ठेवून सरळ झाल्या आणि माझ्या कारपाशी आल्या.

"गुरुजी, त्या वळणावर मी एकदा पायी चढली हाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. हीच गाडी, दोघं आणि बहिणीनं दिलेली एक पिशवी. त्या वळणावर गाडीनं मान टाकली. वैनी म्हणाल्या, मी उतरते, तुमी वर चाला. त्या पायी चढत असताना एक जीप गेली. जीपमधल्या लोकांनी एकदा गाडीकडे, एकदा वैनीकडे पाहिलं आणि हसले. काय बोलले तेही दोघांना ऐकू आलं. वर पोचल्यावर वैनीच मोठ्यानं हसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, आजपासून मी बसनंच येत जाईन, तुमच्या गाडीले माह्यासाठी काऊन त्रास. डॉक्टरांनी गाडीला किक मारली. मग बस सुरू झाली.

"मले वाटलं, इसरले. गाडीचं याडच हाय त्याईले, असंच मी समजून राह्यली होती." त्या थांबल्या. "निजामाबादले मी त्या मोठ्या गाडीवर बसून पाह्यलं. उंच होती लय. पाय उचलेच ना. त्या पोरानं स्टूल आणला. मी म्हटलं याईले, घ्या तुमी, गाडी चांगली हाय, मी बसनं जाईन. तर हेल्मेटच काढून देल्लं त्याईनं."

डॉक्टर पिशवी घेऊन आले. वैनीनं पटकन तोंड दुसरीकडे केलं. डॉक्टरांनी माझ्या कारच्या बॉनेटवर एक सीताफळ ठेवलं आणि बायकोला विचारलं, "त्या वळणावर कोणता गियर होता, ध्यान होतं काय?"

"मले काय समजते त्याच्यातलं."

"तिसरा," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्यात टाकाच नाई लागला."

वैनीनं मान हलवली. खूप मोठी बातमी ऐकल्यासारखी.

निघताना त्या पुन्हा गाडीवर बसल्या. या खेपेला ताठ नाही. एक हात त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावर टाकला आणि दुसऱ्या हातात सीताफळांची पिशवी धरली. पुढे रस्ता सपाट, चौपदरी, मोकळा. इतक्या वर्षांची कमावलेली ताकद त्या इंजिनात भरलेली. डॉक्टर मात्र रस्त्याच्या कडेकडेनं सायकलच्या चालीनं चालले होते. वैनी हात वर करून रानातलं काहीतरी दाखवत होत्या, डॉक्टर मान वळवून पाहत होते. मागून येणारे ट्रक हॉर्न देत होते, पुढे जात होते. मी कारचा वेग आणखी कमी केला आणि अंतर ठेवून मागे राहिलो.