काकाजींच्या सिमचं कुलूप

भाड्याने घर बघायला गेलं की घरमालक काय विचारतो? नोकरी कुठे, माणसं किती, मटण खाता का. अमरावतीच्या राजापेठेत मी वरच्या दोन खोल्या बघायला गेले, तेव्हा काळमेघ काकाजींनी यातलं एकही विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं.

“मॅडम, सिमले लॉक हाय का?”

मी म्हटलं, फोनला आहे.

“फोनचं नाई, सिमचं विचारून राह्यलो! उद्या चोर तुमचं सिम काहाडन, आपल्या डबड्यात टाकन, अन् तुमच्या नंबरवरून कोनालेबी शिव्या घालन. पोलीस मंग कोनाच्या दारात येईन?”

खोल्या मिळाल्या, पण त्याआधी त्यांच्यासमोर सिमला चार आकडी पिन लावावा लागला. मी आकडे टाकत होते तेवढा वेळ काकाजी सभ्यपणे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

काकाजींची सगळी नोकरी बडनेऱ्याच्या सिग्नल केबिनमध्ये गेली. रुळाचा सांधा नीट लॉक झाल्याशिवाय तिथे गाडीला सिग्नल मिळत नाही. काकाजी रिटायर झाले, त्यांच्या डोक्यातलं लॉक काही रिटायर झालं नाही. सायकलला दोन कुलपं, गच्चीला एक आणि फ्रिजलाही एक. काकू वारल्यापासून घरात ते एकटेच होते. फ्रिज नेमका कुणापासून वाचवायचा, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पण जीव खरा सिमवर. दूधवाला असो, इस्त्रीवाला असो, माझ्या गणिताच्या क्लासला येणाऱ्या मुलींच्या आया असोत, फाटकात शिरलेला माणूस प्रवचन ऐकल्याशिवाय सुटत नसे.

“पिन म्हन्जे लहान चावी. तीन डाव चुकली की सिम म्हन्ते, थांब लेका, तू मालक नाई दिसत! मंग लागते मोठी चावी. पीयूके! आठ आकडे. सिम ज्या प्लास्टिकच्या कार्डातून तोडलं, त्याच्यावर छापले रायते. अन् तेबी दहा डाव चुकलं, की सिम जागेवर ठार!”

‘ठार’ला ते अशी टाळी वाजवत, की इस्त्रीवाल्याच्या हातून एकदा माझी साडी जळता जळता वाचली.

मग तो सोन्याचा दिवस उगवला. बडनेरा स्टेशनावर काकाजींचा फोन चोरीला गेला! ऑटोतून उतरता उतरताच ते ओरडले, “मॅडम, चोरला! चोरला माझा फोन!” पोरगा बोर्डात पहिला आल्यावर बाप ओरडेल, त्या आवाजात. येताना जिलबी आणली होती. शेजारीपाजारी वाटली.

“चोर पयले फोन बंद करते. मंग चालू केला असन, अन् सिमनं पिन मांगतला असन! कसं थोबाड झालं असन लेकाचं!” काकाजींना हसू आवरेना.

त्याच दिवशी दुपारी चौकातल्या युसूफभाईंच्या दुकानातून नवा फोन आणि त्याच नंबरचं नवं सिम आलं. संध्याकाळी पिन टाकून ते वर मला सांगायला आले, “असा पिन टाकला मॅडम, कोनाच्या बापाले सुचनार नाई!”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्यांनाही सुचला नाही.

सकाळची बॅच आटोपून मी बाजारात जाऊन आले, तर काकाजी ओट्यावर घामाघूम होऊन बसलेले. पिन तीनदा चुकला होता. पीयूके छापलेलं कार्ड त्यांनी जपून ठेवलेलंच होतं. त्यावरचे आठ आकडे ते पुन:पुन्हा टाकत होते आणि फोन पुन:पुन्हा ‘चूक’ म्हणत होता.

“छापलेलं खोटं कसं असन?” ते परत आकडे दाबू लागले.

मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि ओरडलेच, “काकाजी, थांबा! हे जुन्या सिमचं कार्ड आहे. नंबर तोच असला तरी सिम नवं आहे. त्याचा पीयूके वेगळा असणार!”

त्यांनी हात असा झटकला, जणू फोनला करंट होता. स्क्रीनवर शेवटच्या दोन संधी उरल्या होत्या.

नवं कार्ड दुकानातच राहिलं होतं आणि युसूफभाई दुकान बंद करून नात्यातल्या लग्नाला पातूरला गेले होते. मी माझ्या फोनवरून कंपनीला फोन लावला, स्पीकर चालू केला. पलीकडच्या मुलीने काकाजींचं पूर्ण नाव आणि पत्ता विचारला.

“तुले काहून सांगू?” काकाजी गरजले. “तू कोन हायेस?”

“सर, सुरक्षेसाठी विचारावं लागतं. कुणीही मागितला तर पीयूके देता येत नाही.”

काकाजींचा चेहरा खुलला. “शाबास! असंच विचारलं पायजे! विचार, पोरी, विचार!”

नाव झालं, पत्ता झाला. “सर, तुम्ही नेहमी कोणत्या नंबरवर फोन करता?”

काकाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि एका दमात एक नंबर म्हणून टाकला. मुलगी तपासून म्हणाली, “या नंबरवर तुमचं बोलणं झालेलं दिसत नाही, सर.”

“दिसन कसं?” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “उचलतच नाई ना तो. मिस कॉल असते.”

मग त्यांनी मुकाट्याने दूधवाल्याचा नंबर सांगितला. तो जुळला. ती पीयूके शोधत होती, तेवढ्यात मी विचारलं, “कोण हो काकाजी?”

“सुदाम. लहान भाऊ माझा. पातूरच्या खाली आमचं गाव, तिथं शेती करते. वाटनीच्या वक्ताले विहिरीवरून भांडन झालं, तवापासून बोलत नाई आमी. मागच्या साली शेजारच्या वावरातल्या मानसानं... तुमी पेपरात वाचतच असान. त्या दिवशी मी सुदामले रिंग देल्ली अन् घाबरून कट केली. त्यानंबी एक रिंग देल्ली, अन् कट. तवापासून रोज सकायी तो एक देते, मी एक देतो.”

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात गावाकडून फोन आला तरी छातीत धस्स व्हायचं, आणि नाही आला तरी.

“मग माझ्या फोनवरून लावायचा ना सकाळीच!”

“तुमचा नंबर तो ओयखत नाई. उचलला असता, त बोला लागलं असतं.”

तेवढ्यात मुलीने आठ आकडे सांगितले. “दोनच डाव उरले, तुमीच टाका,” म्हणत काकाजींनी फोन माझ्या हातात दिला. नवा पिन टाकताना मात्र परत घेतला. सिम उघडलं! नेटवर्कच्या कांड्या उभ्या राहिल्या आणि काकाजींनी लगेच तो नंबर लावला. अंगठा कट करायच्या बटणावर तयार होता.

पण रिंग पुरती वाजलीच नाही.

“दादा!” पलीकडून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं. मागे गाड्यांचे हॉर्न होते. “तुया फोन सकायपासून बंद येऊन राह्यला! मी अकोल्याच्या स्टँडवर हाव. अमरावतीची गाडी लागलीच हाय आता. बरा हायेस ना तू?”

काकाजींनी अंगठा बटणावरून बाजूला घेतला. म्हणाले, “मले काई नाई झालं. सिम लॉक झालतं.”

सुदामभाऊ दबकत म्हणाले, “मंग... वापस जाऊ का?”

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली, नाही म्हणून.

“आला हायेस त ये,” काकाजी म्हणाले. “जेवाले थांबतो मी.”

फोन ठेवला, पंच्याने तोंड पुसलं, खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली आणि चपला शोधू लागले.

“काकाजी, गाडी यायला अजून दोन-अडीच तास आहेत. आणि तुमचा भाऊ काय लहान आहे?”

“पन्नाशीच्या वर हाय,” काकाजी पायऱ्या उतरत म्हणाले. “पन त्याले गर्दीत सुधरत नाई. लहानपनी जत्रेत एकडाव माझा हात सुटला, त बम रडला होता.”