मुकादमाचं पाणी

"पाण्यातलं मला कोणी शिकवायचं नाही!"

हे वाक्य पाणीसाहेब दिवसातून दोनदा तरी म्हणत. पण त्या दिवशी त्यांनी ते फोनवर म्हटलं, तेही सख्ख्या मोठ्या बहिणीला, आणि तिथेच सगळा घोटाळा सुरू झाला.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं हं! चौतीस वर्षं शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात काढलेला माणूस. ग्लास नाकाशी धरून पाणी कुठल्या टाकीतलं ते सांगायचा. रिटायर होऊन पाच महिने झाले, तरी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी क्लोरीनची तपकिरी बाटली असायचीच. चार थेंब पडल्याशिवाय घरात कोणी पाण्याचा घोट घ्यायचा नाही. नळाला येणारं पाणी आपल्याच केंद्रातून शुद्ध होऊन येतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण मधल्या पाइपांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

तर ताई सहा महिन्यांसाठी मुलीकडे परदेशात निघाली होती, आणि प्रश्न होता मुकादमाचा. मुकादम म्हणजे तिचा मासा. नऊ वर्षांचा, केशरी, चांगला वीतभर लांब. टाकीत दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत देखरेख करत फिरायचा, म्हणून मुकादम. ताईचे यजमान गेल्यापासून सकाळी उठल्यावर तिच्याकडे बघायला काचेशी येणारा घरात तेवढा एकच जीव उरला होता. ताईचा दीर दातांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात पेशंटना धीर यावा म्हणून एक टाकी होती. मुकादमाला तिथे सोडायचं जवळजवळ ठरलंच होतं.

"दातांचा डॉक्टर?" पाणीसाहेब फोनवर कडाडले. "मी जिवंत असताना?"

"धाकट्या, तुझ्याकडे पोपट दिला होता," ताई शांतपणे म्हणाली.

आता हे पोपटाचं प्रकरण बावन्न वर्षांपूर्वीचं! साहेब तेव्हा आठ वर्षांचे होते. ताईने दहा मिनिटं पिंजरा सांभाळायला दिला होता आणि यांनी पोपटाला मोकळी हवा मिळावी म्हणून दार उघडलं होतं. पोपटाला हवा मिळाली. साहेबांना मात्र तेव्हापासून ताईने कुंडीसुद्धा सांभाळायला दिली नव्हती. आख्ख्या शहराने ज्याच्या हातचं पाणी बिनघोर प्यायलं, त्या माणसावर सख्खी बहीण विश्वास टाकत नाही, हे शल्य त्यांना आतून कुरतडत होतं.

"एक संधी दे, ताई," ते एकदम नरम आले.

"चार आठवडे आहेत. टाकी तयार कर. निघायच्या आदल्या दिवशी मी मुकादमाला घेऊन येते. पाणी माझ्यासमोर तपासायचं. ठीक निघालं तर मासा तुझ्याकडे, नाहीतर थेट दवाखान्यात."

"चार आठवडे? अगं, मी चार तासांत देतो!"

त्याच दुपारी साहेब माशांच्या दुकानात हजर. दुकानदाराने टाकी दिली, तळाला घालायची खडी दिली, फिल्टर दिला आणि म्हणाला, "आता हिच्यात पाणी भरून महिनाभर नुसतं पिकू द्या."

"पाणी पिकू द्या? ते काय चिकू आहे?"

"साहेब, माशाच्या घाणीतून विष तयार होतं. ते विष खाणारे जंतू आधी पाण्यात वाढावे लागतात. ते फिल्टरच्या स्पंजात घर करतात. रोज चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजलं की जंतू धरतात. नळाचं पाणी मात्र बादलीत दिवसभर उघडं ठेवून मगच वापरा. क्लोरीन उडालं पाहिजे, नाहीतर सगळे जंतू खलास."

पाणीसाहेब मटकन स्टुलावर बसले. चौतीस वर्षं ज्या जंतूंच्या मागे हात धुऊन लागलो, त्यांना आता खाऊ घालून वाढवायचं? पण डोळ्यांसमोर ताई उभी होती. त्यांनी तपासणीचा संचही घेतला. छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात औषध टाकायचं; पिवळं झालं तर पास, हिरवं झालं तर नापास.

घरी टाकीसाठी एकच भक्कम जागा होती आणि तिथे बायकोचं शिलाई मशीन होतं. मशीन स्वयंपाकघराच्या दाराशी गेलं. बायकोने ते हलवू दिलं. फक्त म्हणाली, "अहो, बादलीत पाणी ठेवायचं ते कसं काय, मला एकदा सांगा तरी."

"पाण्यातलं तू बघू नकोस. तुझं काम शिवायचं!"

"बरं," म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. ते 'बरं' जरा लक्षात ठेवा.

साहेबांनी कामाला केंद्रातली शिस्त लावली. वही घातली. रोज सकाळी टाकीतून एक बादली पाणी काढायचं, बाल्कनीत ठेवलेली दुसरी बादली ओतायची, तिसरी नळाखाली भरून बाल्कनीत नेऊन ठेवायची, मग चिमूटभर खाणं. दुकानदाराने रोज पाणी बदलायला सांगितलंच नव्हतं, पण सांगितलं तेवढंच करणारे ते पाणीसाहेब कसले! खाणं टाकताना ते काचेला नाक लावून म्हणायचे, "खा रे बाळांनो, खा! लाजू नका, भरपूर आहे!"

समोरच्या खिडकीतल्या शेजारीणबाईंनी हे तीन दिवस पाहिलं. टाकीत पाणी आहे, खडी आहे, आणि मासा एकही नाही! चौथ्या दिवशी त्या वाटी परत करायच्या निमित्ताने आल्या आणि बायकोचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर होतं हो असं काहींचं. आमच्या काकांना फुलपात्राशी बोलायची सवय लागली होती. वेळीच दाखवा कुणाला तरी."

संध्याकाळी ताईचा फोन.

"धाकट्या, तू रिकाम्या टाकीला जेवायला घालतोस म्हणे?"

"रिकामी कुठे? आत लाखो आहेत!"

ताईने आवाज एकदम मऊ केला. "दिसतात का तुला ते?"

"दिसत नाहीत, पण आहेत ना!"

"फोन बायकोला दे," ताई म्हणाली. मग बायको आतल्या खोलीचं दार लावून ताईशी अर्धा तास बोलत होती. साहेबांनी दाराला कान लावला, पण हसण्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

इकडे नळीचा रंग हिरवा. दहाव्या दिवशी हिरवा, पंधराव्या दिवशी हिरवा, विसाव्या दिवशी तर असा पोपटी की साहेबांना भर सकाळी तो पिंजरा आठवला. त्यांनी दुकान गाठलं.

"जंतू धरतच नाहीयेत!"

दुकानदाराने डोकं खाजवलं. "कोणीतरी मारतंय त्यांना, साहेब. घरात कोणी साबणाचे हात घालतं का?"

झालं! साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. घातपात! त्यांनी टाकीच्या झाकणावर कागदी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही ठोकली. जमिनीवर खडूने रेघ मारली. रेघेच्या आत यायचं तर वहीत वेळ, कारण आणि 'हात कशाने धुतले' हे लिहायचं. बायकोने एका दिवसात तीन नोंदी केल्या: 'रीळ घरंगळलं.' 'रीळ आणायला गेले.' 'तुम्ही बोलावलंत.'

"खरं सांग," साहेबांनी तिला एकदा गाठलंच. "मशीन हलवलं म्हणून राग काढतेस ना माझ्या जंतूंवर?"

"मी?" बायकोने चष्म्यावरून पाहिलं. "मी दिवसभर इथे बसून सगळं बघते. तुमच्याशिवाय त्या टाकीला कोणी बोटसुद्धा लावत नाही."

"मग मरतात कसे?"

"पाण्यातलं मला काय कळतंय!" आणि मशीन खडखडायला लागलं.

शेजारीणबाईंच्या झुरळांच्या स्प्रेवर संशय घेऊन झाला. वरच्या मजल्यावर रंगकाम चाललं होतं, त्या रंगाऱ्यावर घेऊन झाला. शेवटच्या आठवड्यात साहेबांचं जेवणावरून लक्ष उडालं. रंग काही पिवळा होईना. "डॉक्टरकडे जाणार मुकादम," ते एकटेच पुटपुटायचे. "ड्रिलचा आवाज ऐकत बसणार बिचारा." आणि खरं सांगायचं तर त्यांना मुकादमापेक्षा ताईच्या चेहऱ्याची भीती वाटत होती. 'मला ठाऊकच होतं' असं न बोलता म्हणणारा तो चेहरा! साठीच्या माणसाला पुन्हा आठ वर्षांचा करून सोडायचा.

शनिवारी सकाळी दहाला ताई आली. हातात झाकणाची बादली, बादलीत मुकादम, मागे टॅक्सी ड्रायव्हर. तो चार मोठे कॅन एकेक करून वर आणत होता. साहेबांना वाटलं, ताईचं सामान असेल. घाबरलेल्या माणसाला जास्त बोलायची सवय असते. त्यांनी ताईला खुर्ची दिली आणि भाषणच सुरू केलं.

"बघ ताई, माशाचा खरा वैरी कोण? क्लोरीन! लोक अडाणी असतात, नळाचं पाणी तसंच ओततात. मी? छे! चार आठवडे रोज पाणी उघडं ठेवतोय. अगं, ती बाल्कनीतली बादली आण बरं!"

बायकोने बादली आणून समोर ठेवली.

"हे बघ, चोवीस तास ठेवलेलं पाणी! क्लोरीनचा अंशसुद्धा नाही!" बोलता बोलता साहेबांचा उजवा हात खिशाकडे गेला. तपकिरी बाटली बाहेर आली. एक, दोन, तीन, चार थेंब बादलीत पडले. बूच लागलं, बाटली खिशात गेली. भाषण कुठेही थांबलं नाही. "अशा पाण्यात जंतू कसे आनंदाने—"

"धाकट्या," ताई म्हणाली. "आत्ता काय घातलंस?"

"कुठे?"

"बादलीत."

"कुठे काय? काहीच नाही."

ड्रायव्हर शेवटचा कॅन हातात धरून दारातच उभा राहिला होता. तो म्हणाला, "चार थेंब घातलेत, साहेब. मी मोजले."

साहेबांनी खिशाकडे पाहिलं. बादलीकडे पाहिलं. मग बायकोकडे.

"रोजच घालता की," बायको म्हणाली. "बादली आत आली की चार थेंब, मग टाकीत. मला वाटलं, त्यातलंच काहीतरी औषध असेल. विचारणार होते, पण पाण्यातलं मी बघायचं नव्हतं ना!"

पाणीसाहेब स्वतःच मारलेल्या खडूच्या रेघेवर बसले. अठ्ठावीस दिवस! रोज एका हाताने खाऊ घातलं आणि दुसऱ्या हाताने ठार केलं! वहीत घरातल्या सगळ्यांच्या नोंदी होत्या, फक्त एका माणसाची नव्हती.

"ने, ताई," ते खाली मान घालून म्हणाले. "डॉक्टरकडे ने मुकादमाला. माझ्याकडे काही सांभाळायला देऊच नये."

ताईने पदर खोचला. "टाकी रिकामी करा आणि खडी खळाखळा धुवा," ती म्हणाली. "हे चार कॅन मुकादमाच्या जुन्या पाण्याचे. आणि हा त्याचा पिकलेला स्पंज, तुझ्या फिल्टरमध्ये घाल." पिशवीतून बरणी निघाली. बरणीत त्याच पाण्यात बुडालेला काळाकुट्ट, चिखलासारखा स्पंज. साहेबांनी चौतीस वर्षांचा अभिमान गिळून, डोळे मिटून तो हातात घेतला.

"म्हणजे तू हे सगळं बरोबर घेऊनच आली होतीस?"

"तुझ्यावर पूर्ण विश्वास होता मला. टाकी तयार नसणार याचा."

"मग डॉक्टरला का नाही दिलास?"

ताईने मुकादमाच्या बादलीचं झाकण जरा सरकवून आत पाहिलं. "डॉक्टर हुशार आहे रे. मुकादमाला काही झालं, तर तो तसाच दुसरा आणून सोडेल आणि मला कळूही देणार नाही. पोपट उडाला तेव्हा तू गल्लीभर रडत आला होतास. 'माझ्याकडून उडाला' म्हणून ओरडत! तुझ्याकडे काय झालं ते मला खरं खरं कळेल." मग तिने डोळे टिपले आणि हसली. "खाणं मात्र ही घालेल."

मुकादम टाकीत उतरला. या टोकाला गेला, त्या टोकाला गेला, वळला, काचेशी आला आणि समोर उभ्या असलेल्या सगळ्यांची हजेरी घेतली.

निघताना ताईने हात पुढे केला. साहेबांनी मुकाट्याने खिशातली बाटली काढून दिली. ती तिच्या पर्समध्ये गेली, सहा महिन्यांसाठी.

दुपारी जेवताना साहेबांनी पाण्याचा मोठा घोट घेतला आणि ते थबकले. पुन्हा एक घोट घेतला. जिभेवर घोळवला. चौतीस वर्षांचा अनुभव पणाला लावला.

"अगं," ते गंभीरपणे म्हणाले, "या पाण्यात काहीतरी आहे. चव वेगळी लागतेय."

बायकोने मशीनवरून मानही वर केली नाही.

"पाण्याची आहे ती," म्हणाली.