भुताचा जीव भांड्यात

सुरुवातीलाच सांगून टाकतो: आमच्या स्टुडिओतला सगळ्यात हुशार माणूस मी. हे मत माझं एकट्याचंच आहे, पण फार विचार करून बनवलेलं आहे!

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मधे एक काच. काचेच्या पलीकडे माईक, अलीकडे आम्ही. परदेशातून आलेल्या व्हिडिओ गेमना आपल्या भाषेत आवाज द्यायचा, हा आमचा धंदा. आम्ही म्हणजे तिघं. मालकीण मॅडम, ज्या हसल्या तर तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा लागतो. ध्वनिमुद्रण करणारा काटा, ज्याची नजर मशीनवरच्या थरथरत्या काट्यावरून हलत नाही, म्हणून काटा. आणि मी, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेला. सहावा महिना संपत आला होता. महिनाअखेरीस मॅडम ठरवणार होत्या, मला कायम करायचं की कायमचं घरी पाठवायचं.

अशा वेळी साधा माणूस मुकाट्याने काम करेल. मी शोध लावला!

आमची जुनी पद्धत अशी: कलाकार आधी ओळीचा नंबर म्हणतो, मग ओळ म्हणतो. नंतर कोणीतरी बसून सगळं ऐकतो, कापतो आणि प्रत्येक तुकड्याला नंबर देतो. यात तीन दिवस जातात. तो 'कोणीतरी' मी असल्यामुळे मला ही पद्धत अमानुष वाटायची. म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं 'कात्री'. नंबर ऐकू आला की कात्री त्याच्यानंतरचं पहिलं बोलणं उचलणार, दोन सेकंद शांतता झाली की कापणार, फाइलला नंबर देणार आणि बाकीचं सगळं कचरा समजून पुसून टाकणार. माणसाने काही ऐकायलाच नको!

"पुसून कशाला टाकायचं?" काट्याने विचारलं.

"जागा वाचते."

"आपल्याकडे जागा आहे की."

"काट्या, मोठी माणसं जागा असतानाच वाचवतात." याला काही अर्थ नाही. पण मी ते खिडकीबाहेर बघत म्हणालो, त्यामुळे त्याला ते पटलं.

आणि नेमका तेव्हाच आला तो जपानी गेम. भुताचा! ओसाड गावात तुम्ही एकटे हिंडत असता. कुठल्यातरी पडक्या घरात फोन वाजतो. उचललात की त्यातून एक बाई बाहेर येते. गुडघ्यापर्यंत ओले केस, पांढराफटक चेहरा, हातात वायर तुटलेला रिसीव्हर. मग तुम्ही संपता. या बाईला एकूण एक्याण्णव ओळी होत्या. सोबत तिच्या पूर्वायुष्याची चाळीस पानं. ती कोणी वाचत नाही. मीही नाही वाचली. किंचाळायला चरित्र कशाला लागतं?

भुतासाठी किंचाळीताईंना बोलावलं होतं. या बाई त्यांच्या कामात इतक्या पोचलेल्या, की त्या राहतात त्या इमारतीत आगीची घंटा बसवलेलीच नाही. पण कात्रीची चाचणी म्हणून मी आदल्या दिवशी त्यांच्याकडून साठ किंकाळ्या मारून घेतल्या. कात्रीने साठही अचूक कापल्या. दुसऱ्या दिवशी ताईंनी तोंड उघडलं, तर आतून सायकलच्या चाकातली हवा गेल्यासारखा आवाज आला! डॉक्टरांनी पंधरा दिवस मौन सांगितलं. ताईंनी मला एक चिठ्ठी लिहून दिली. तिच्यातले शब्द इथे देता येण्यासारखे नाहीत.

काम चार दिवसांत पाठवायचं होतं. मॅडम श्वासही मोजून घ्यायला लागल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आत्या. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मी लहानाचा मोठा आत्याकडेच झालो, अजूनही तिच्याकडेच राहतो, आणि ती दिवसातून नऊ वेळा मला फोन करते. त्यातले आठ मी उचलत नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मॅडमनी वैतागून तो माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला. पलीकडून खर्जातला, गार, प्रत्येक अक्षर कोरून काढलेला आवाज आला: "घराची किल्ली कुठे ठेवलीस?"

मॅडमच्या हातावर काटा आला. मला दिसला!

"कोण आहेत या?"

"आत्या. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती."

"आपलं भूतसुद्धा टेलिफोन ऑपरेटरच आहे," मॅडम म्हणाल्या. "तुला माहीत असेलच."

"अर्थातच," मी म्हणालो. पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली. चष्मा, पर्स, पाण्याची बाटली, आणि बसायला घरून आणलेली उशी.

"हे घे, एक्याण्णव ओळी," मी म्हणालो.

"ओळी राहू देत. आधी बाई कोण, कुठली, तिचं काय झालं ते दे."

आणि ती चाळीस पानं घेऊन बसली! दोन तास. मशीनवरचा काटा झोपी गेला. तिसाव्या पानाला आत्याने पर्समधून रुमाल काढला.

"ठोंब्या, तू हे वाचलंस?" (हे नाव फक्त घरात वापरायचं असं आमचं ठरलं होतं.)

"ओझरतं."

"ओझरतं म्हणे! अरे, गावाच्या वरचं धरण फुटलं. ही एक्स्चेंजमध्ये एकटी. सगळे म्हणाले, पळ. ही पळाली नाही. एकेका घराला फोन लावून सांगत बसली, पाणी येतंय, डोंगरावर जा. अख्खं गाव वाचवलं हिने! एकच घर फोन उचलेना. हिच्या धाकट्या बहिणीचं."

"मग?"

"मग काय? वाजवतच राहिली. पाणी छताला लागलं तरी वाजवत होती."

काट्याने आयुष्यात पहिल्यांदा काट्यावरून नजर काढली. "आणि बहीण?"

"ती केव्हाच डोंगरावर पोचली होती! म्हणून तर उचलत नव्हती. पण हे हिला सांगणार कोण? बहीण म्हातारी होऊन गेली, आणि ही बापडी अजून वाजवतेय."

"पण मग ती लोकांना मारते कशाला?" मी विचारलं.

"मारते कुठे? ती सांगायला येते. हे लोकच घाबरून मरतात, त्याला ती काय करणार?" आत्याने नाक पुसलं. "मीसुद्धा एकदा एकाला अडतीस मिनिटं वाजवत होते. त्याच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं. मनात नाही नाही ते आलं. शेवटी उचलला. बागेत झाडांना पाणी घालत होता मेला!"

"मग तू काय केलंस?"

"आधी रडले. मग झापला."

यानंतर आत्याने अट घातली. समोर कोणी नसताना ती बोलणार नाही. एकतीस वर्षांत बोललेली नाही. म्हणून मी बाहेरच्या पॅसेजमध्ये हेडफोन लावून बसायचं आणि प्रत्येक ओळीला 'हॅलो' म्हणायचं. मी तिला दाराच्या काचेतून दिसणार आणि माझा आवाज फक्त तिच्या कानात जाणार.

"आमचा नियम आहे," ती म्हणाली. "नंबर लागला की आधी समोर माणूस नीट आहे ना ते बघायचं. मग निरोप."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. कात्रीचा जनक असूनही ऐकलं. आणि मान डोलावली!

मग जे सुरू झालं, ते मी जन्मात विसरणार नाही. आत्या नंबर म्हणायची. मी 'हॅलो' म्हणायचो. ती माझी थोडी विचारपूस करायची, पाण्याचा घोट घ्यायची, डोळे मिटायची, आणि मग तळघरातून यावा तसा आवाज निघायचा: "फोन... ठेवू... नकोस..." मी भर दुपारी पॅसेजमधले सगळे दिवे लावून घेतले. शेवटच्या ओळीच्या वेळी माझाच घसा सुकला म्हणून पाणी प्यायला गेलो, तर इकडे आत्याचं श्वासही न घेता हॅलो-हॅलो सुरू. धावत येऊन हेडफोन लावला, तेव्हा कुठे ती शेवटची ओळ म्हणाली. काचेपलीकडे मॅडम डोळे पुसत होत्या.

"काट्या, कसं झालं?"

"काटा छान हलला," तो म्हणाला. शब्दांकडे त्याचं लक्ष नसतंच.

मी कात्री चालवली. चार मिनिटांत एक्याण्णव फाइली, एक्याण्णव हिरव्या खुणा! एकही न ऐकता पाठवून दिल्या. जुन्या पद्धतीला त्या दिवशी मी मनातल्या मनात शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला.

तीन दिवसांनी मॅडम म्हणाल्या, "अकरा वाजता व्हिडिओ कॉल आहे. गेम ज्यांनी लिहिला त्या बाई स्वतः बोलणार आहेत."

"शाबासकी असणार!" मी म्हणालो. "आत्यालाही बोलवू या."

पडद्यावर एक पासष्टीच्या बाई होत्या. पांढरे, आखूड केस, आणि इस्त्री केल्यासारखा चेहरा. शेजारी दुभाष्या. तो म्हणाला, "आधी आपण थोडं बघू या."

ओसाड गाव. पडकं घर. फोन वाजला. रिसीव्हरमधून ओले केस बाहेर आले, मग हात, मग तो चेहरा. भुताने जबडा उघडला आणि म्हणालं:

"उभा का? बस त्या खुर्चीत."

खोलीत टाचणी पडली असती तर आम्ही तिचे आभार मानले असते.

पुढचा प्रसंग. भूत छतावरून उलटं सरपटत आलं, मान कडाकडा वळवली आणि म्हणालं: "सकाळपासून काही खाल्लंस का?"

पुढचा. आरशात तुमच्या मागे ती उभी. गार, खर्जातला आवाज: "कालचाच शर्ट ना हा?"

मग पाठलाग! खेळणारा जीव घेऊन पळतोय, मागे केस पिंजारून भूत, आणि ते ओरडतंय: "अरे, धावतोस कशाला? पडशील!"

"हे मी तुला म्हणाले होते!" आत्या म्हणाली.

"मूळ ओळी कुठे आहेत?" मॅडमनी ओठ न हलवता विचारलं.

"कात्रीने पुसल्या."

"जागा वाचवायला," काट्याने खुलासा केला.

माझ्या डोळ्यांपुढे सहावा महिना उभा राहिला. त्याच्या हातात माझी बॅग होती. मी खुर्चीवरून उठलो. पाय आत्याच्या उशीत अडकला, तरी उभा राहिलो.

"चूक माझी आहे," मी पडद्याकडे बघून म्हणालो. "हिने फार सुंदर काम केलं होतं. चाळीस पानं हिने वाचली, मी नाही. हिने सगळं मनापासून म्हटलं, आणि मी ते न ऐकताच पुसून टाकलं. मॅडमचा यात काही दोष नाही. काट्याचाही नाही."

दुभाष्याने सांगितलं. बाईंनी ऐकलं आणि एक बोट वर केलं. म्हणजे अजून एक बाकी होतं.

गेमचा शेवट. बहिणीचं घर. भिंतींवर पाण्याची रेघ. फोन वाजला, खेळणाऱ्याने उचलला. मूळ ओळ मला पाठ होती: "का नाही उचललास?" आणि मग लांब किंकाळी. भूत समोर आलं आणि घाईघाईने, श्वास न घेता म्हणायला लागलं:

"हॅलो, हॅलो, हॅलो, हॅलो, हॅलो... आहेस होय! बरं झालं बाई! जीव भांड्यात पडला!"

भुताने हळूच रिसीव्हर खाली ठेवला. आणि विरघळून गेलं.

काटा नाक ओढत होता. पडद्यावरच्या बाईंनी चष्मा काढला आणि बराच वेळ बोलल्या. दुभाष्यालाही मधे एकदा थांबावं लागलं.

"त्या म्हणतात, हा गेम बारा भाषांत गेला. बाराही भाषांत ही बाई किंचाळते आणि लोक पळतात. चाळीस पानं त्यांनी कोणीतरी वाचावीत म्हणून लिहिली होती. ती आज कोणीतरी वाचलेली दिसली. हे सगळं असंच ठेवायचं म्हणतात." मग तो जरा घुटमळला. "माझी एक शंका आहे. भांड्यात काय पडलं?"

"जीव," मी म्हणालो.

"भुताचा?"

"हो."

"कुठल्या भांड्यात?"

"भांडं कुठलं का असेना," आत्या म्हणाली. "पडला ना एकदाचा!"

पडद्यावरच्या बाईंनी कमरेतून वाकून आत्याला नमस्कार केला. आत्या गडबडली. पदराशी चाळा करत माईककडे झुकली आणि म्हणाली, "आभारी आहे. लाइन चालू ठेवू का?"

मॅडम हसल्या! काट्याने धावत जाऊन कॅलेंडरवर लिहिलं.

महिनाअखेरीस टेबलावर पाकीट आलं. नोकरी कायम झाल्याचं पत्र. मी ते मॅडमसमोर दोनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना वरचं नाव दिसलं. आत्याचं होतं.

मला आणखी तीन महिने मिळाले. काम ठरवून दिलंय: पॅसेजमध्ये बसून 'हॅलो' म्हणणे, आणि नंतर प्रत्येक फाइल स्वतःच्या कानाने ऐकणे. तीन दिवस लागतात. कात्री मॅडमनी स्वतःच्या हाताने पुसली. जागा वाचवायला.

तक्रार नाही बरं का माझी! ज्या बाईने मला शिकवलं, खाऊ घातलं, आणि आता नोकरीतही टिकवलं, तिचे दिवसाचे नऊच्या नऊ फोन मी हल्ली पहिल्या घंटीला उचलतो. काल दुपारी नववा आला.

"आहेस होय?"

"आहे, आत्या."

"बरं." आणि ठेवला.

ती शेजारच्याच खोलीत होती. मधे फक्त काच. पण उचलला ना!