आत कोणीच नको

दुपारी समिती येणार होती आणि लेसर सकाळपासून रुसून बसला होता.

काम म्हटलं तर सोपं. एकाच धातूचे दोन प्रकारचे अणू, जुळ्या भावांसारखे. एक किंचित जड, एवढाच फरक. लेसरचा रंग अगदी नेमका असला, की एकच भाऊ तो प्रकाश घेतो आणि वेगळा काढता येतो. त्यातून रुग्णालयांसाठी औषध बनतं. रंग केसभर सरकला, की दोघंही ढिम्म. शंभरातले साठ तरी वेगळे निघाले नाहीत, तर समिती यंत्र बंद करणार होती. यंत्रावरची आकडा दाखवणारी सुई चाळिसावर लटकत होती.

सर येरझारा घालत होते.

"सर, बसता का जरा? तुम्ही फिरलात की टेबल थरथरतं," धाकटी म्हणाली. तिघांच्या त्या प्रयोगशाळेत सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी.

"मी आज बसू? आज?" म्हणत सर बसले. सुई पंचेचाळीस. धाकटीचे डोळे चमकले.

"मामा, तुम्ही बाहेर जा."

"अगं, मी तर श्वाससुद्धा जपून घेतोय!" तंत्रज्ञ मामा कळवळले.

"त्याचीच ऊब लागतेय लेसरच्या आरशांना."

मामा गेले. पन्नास. मग सर गेले, "माझ्याच प्रयोगशाळेतून मला हाकलतेस!" असं पुटपुटत. छप्पन्न. उरली ती स्वतः. चवड्यांवर चालत ती बाहेर आली, दार लावलं आणि काचेतून पाहिलं. बासष्ट!

तेवढ्यात समिती आलीच.

"आत कोणीच नाही?" अध्यक्षबाईंनी काचेला नाक लावलं.

"हीच तर आमची युक्ती!" सरांना राहवलं नाही. "माणूस बाहेर, आकडा वर!"

धाकटीने त्यांच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"छान. मग यंत्र ठेवू," बाई म्हणाल्या. "तुम्हा तिघांचं मात्र काही कामच दिसत नाही."

सरांचा चेहरा पडला. मामा भिंतीला टेकले. धाकटी क्षणभर घुटमळली आणि मग तिने अदबीने दार उघडलं.

"बाई, एवढ्या लांबून काय बघता? आत या ना. सगळेच या."

संरक्षक चष्मे चढवून समितीचे पाचही जण यंत्राभोवती गोळा झाले. पन्नास. तीस. बारा.

"अहो, हे काय झालं?"

"रंग सरकला."

"मग आणा ना जागेवर!"

"आणू की. पण त्याला माणसं लागतात."

बाईंनी सुईकडे पाहिलं. ती आता नवावर होती.

"किती लागतात?"

धाकटीने सरांकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं.

"चार," ती म्हणाली.