शिर्केकाकांच्या गाडीला धक्का

बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडण्याआधी शिर्केकाका तिला हातानं दोन थापा मारत. आजोबा संस्थानच्या पागेत होते, त्यातलं एवढंच उरलेलं. मग म्हणत, "शांति राखो. आधी दिवे लावा. आता चावी फिरवा. दिवे झोपले? बॅटरी गेली. दिवे जागेच? मग तिला उगाच बोल लावू नका."

कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले, घरात एकटेच असलेले काका रावपुऱ्यातल्या आमच्या गल्लीचे बॅटरीचे वैद्य होते. नव्वदनंतर गल्लीत एकेक करून गाड्या आल्या आणि हिवाळ्याच्या सकाळी एकेक करून रुसू लागल्या. काका नुसता हॉर्न ऐकून सांगत, "हिचा घसा बसलाय. बॅटरीत पाणी घाला, डिस्टिल्ड."

त्यांचं निदान चुकायचं ते फक्त स्वतःच्या जुन्या गाडीचं.

ती रोज सकाळी साडेआठला घर्र, घर्र, टक करून थांबे. दिवे पार झोपत. काका म्हणत, "थंडी आहे." मे महिन्यात म्हणत, "उकाडा आहे." मग समोरचे कापडवाले हसमुखभाई आणि मी इस्त्रीच्या कपड्यांत धक्का मारत असू. "अरे शिर्केसाहेब, ब्रेक तो छोडो!" हसमुखभाई ओरडत. कोपऱ्यावर गाडी सुरू होई, वळसा घालून दारात परत येई आणि आम्हाला चहा मिळे. गाडी कुठेही जात नसे.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, तोही फिजिक्सचा. मला हे बघवेना. एका रविवारी मीटर घेऊन गेलो. उभ्या गाडीत बारा व्होल्ट, चावी फिरवताच सात.

"काका, बॅटरी संपलीय. यात मत नसतं, आकडा असतो."

काकांनी वाकून आकडा वाचला. "शिकलेला माणूस," एवढंच म्हणाले. दुपारी मीच नवी बॅटरी बसवून दिली.

सोमवारी गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. हसमुखभाईंनी लांबूनच "वाह, सरस!" म्हणत स्कूटर काढली. मीही बसकडे पळालो. मंगळवारीही तेच. बुधवारी खिडकीतून पाहिलं, तर चालू गाडीत काका एकटे, आणि ओट्यावर ट्रेमध्ये तीन कप, बशांनी झाकलेले.

गुरुवारी गाडी पुन्हा घर्र, टक.

हसमुखभाई बाह्या सरसावत आले. "नवी बॅटरी ने? तमारुं मीटर खोटुं छे, प्रोफेसर!"

मी बॉनेट उघडलं. बॅटरीवरची तारेची पकड सैल करून नुसती टेकवून ठेवली होती. नटावर पान्याचा ताजा ओरखडा. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते.

पान्याचे दोन फेरे पुरले असते. माझी पदवीही वाचली असती.

"बॅटरीच दिसतेय, काका," मी बॉनेट लावत म्हणालो. "नवी असली म्हणून काय झालं?"

"शांति राखो," काका म्हणाले. या वेळी घसा त्यांचाच बसला होता. "आधी चहा घ्या. मग धक्का."