पारसकाकांचा नंबर

चार नोव्हेंबर. त्या दिवसाचं काम: अडतीस कलाकारांच्या वेबपानांवर असलेला एकच मोबाईल नंबर काढून ज्याचा त्याचा नंबर टाकणे. वरवर पाहता अर्ध्या दिवसाचं काम. पण तो नंबर पारसकाकांचा आहे, म्हणून मी घरून निघतानाच डब्यात दोन पोळ्या जास्त घेतल्या.

पारसकाका एकाच दिवसात संबळवाले, मूर्तिकार, जादूगार आणि पेटीवाले असतात. फोन वाजला की आधी "हां बोला, मीच" म्हणतात आणि समोरच्याला काय हवंय ते ऐकून मग कोण व्हायचं ते ठरवतात. फक्त मेंदीवाली व्हायला त्यांना जमत नाही. तिथे ते सांगतात, "ताई कामात हायेत, आमी म्यानेजर बोलतोय."

आमची संस्था नारायणगावात, खताच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत आहे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या, स्वतःच्या जिवावर कला करणाऱ्या लोकांना आम्ही धंदा आणि मोबाईल शिकवतो. पावती कशी करायची, व्हिडिओ कसा टाकायचा, स्वतःचं वेबपान कसं सांभाळायचं. कला शिकवत नाही. ती त्यांना येते. मी पूर्वी मंचरला कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायचे, आता इथे सगळं बघते. काका आमचे विश्वस्त. चाळीस वर्षं त्यांचं कापडाचं दुकान होतं. घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन, पण काकांनी राजस्थान दोनदाच पाहिलंय, दोन्ही वेळा लग्नाला. कांद्या-बटाट्यावर चालणाऱ्या या दोन तालुक्यांत जन्म काढून त्यांनी कांदा किंवा बटाटा कधी तोंडात घातलेला नाही, आणि दिवस मावळल्यावर ते काहीच खात नाहीत. फोन मात्र घेतात.

दुकान बंद केलं तेव्हा काकांनी सगळं विकलं, एक आरसा सोडून. बायका साडी खांद्यावर टाकून ज्यात बघायच्या तो पुरुषभर उंचीचा आरसा. तो त्यांनी संस्थेत आणून लावला. आम्हाला वाटलं शोभेसाठी. तो होता दर सांगण्यासाठी.

आमच्या भागातल्या कलाकाराला विचारा, "किती घेणार?" उत्तर ठरलेलं: "द्या समजून." आणि देणारा नेमकं तेच समजून घेत नाही. हे दोन शब्द ऐकले की काकांच्या अंगावर काटा येतो. डिंगोऱ्याचे दगडूभाऊ संबळ वाजवायला लागले की माणसं जेवायची थांबतात, पण दर विचारला की भाऊ जमिनीकडे बघून "द्या समजून, पावणं" म्हणायचे. काकांनी त्यांना आरशासमोर उभं केलं.

"ह्यो समोर कोण हाय?"

"मीच की, काका."

"न्हाई. त्ये गिऱ्हाईक हाय. त्याला तुजा दर सांग."

दगडूभाऊंनी आरशातल्या दगडूभाऊंना दर सांगितला आणि लगेच स्वतःच म्हणाले, "लई होतंय का?" काकांनी कपाळावर हात मारला. "आरं, गिऱ्हाईक अजून बोललं न्हाई, तूच काय कमी करतो!" असं वीस वेळा झालं. खालचा खतवाला वर येऊन विचारून गेला, पूजा चाललीय का.

काकांचा दुसरा ठेवणीतला शब्द म्हणजे "फाडू का?" दुकानात ताग्यावर कात्री ठेवून ते हेच विचारायचे, कारण कापड एकदा फाडलं की परत घेत नाहीत. आता ते फोनवर बुकिंग पक्कं करताना विचारतात. बारशासाठी जादूगार ठरवणाऱ्या एका बाईंनी घाबरून फोनच ठेवला होता.

नंबरचं सांगते. वेबपानं तयार केली तेव्हा प्रत्येकासाठी मोबाईलवर ओटीपी यायला हवा होता. कुणाचं सिम बंद, कुणाचा फोन मुलाकडे, कुणी दर दोन महिन्यांनी नंबर बदलणारा. काका म्हणाले, "तात्पुरता माजा टाका." तात्पुरत्याला तीन वर्षं झाली. अडतीस जणांचे ओटीपी काकांना, अडतीस जणांची गिऱ्हाइकं काकांना. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्यांना नेमका फोन आला.

मग गेल्या महिन्यात तो घोळ झाला. लोणीच्या एका घरी नुकत्याच गेलेल्या आजोबांचं चित्र काढून हवं होतं. राजुरीत एकाच्या साठीला हसवणारा कलाकार हवा होता. दोन्ही फोन एकाच वेळी आले, काकांनी दोन्ही बुकिंगं "फाडली" आणि पत्ते उलटे दिले. आमचे चित्रकार नामदेव फोटो मागायला राजुरीला पोचले. दारात हार घातलेले गृहस्थ उभे. नामदेवांनी हात जोडून हळू आवाजात विचारलं, "गेले कधी?"

"कोण?"

"ज्यांचं चित्र काढायचंय ते."

"म्हंजी मी? आजून हितंच हाय की राव!"

तिकडे लोणीला हसवणारा कलाकार रंगवलेल्या मिश्यांसह उतरला. अंगणात बसलेली माणसं बघून त्यानं मिश्या रुमालानं पुसल्या, तासभर मान खाली घालून बसला आणि परत आला. शहाणा माणूस.

यावर संस्थेची बैठक झाली. मी स्पष्ट बोलले. कलाकारांना स्वतःच्या तोंडानं बोलायला शिकवायला आपण बसलोय, आणि तीन वर्षं त्यांच्या वतीनं काकाच बोलतायत. नंबर बदलायचे. काकांनी छताच्या पंख्याकडे बघत मान हलवली.

तर चार तारखेला दुपारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. घरीच जावं लागलं, कारण नंबर बदलायचा तर ओटीपी जुन्या नंबरवर येतो. म्हणजे काकांनीच अडतीस वेळा आकडे वाचून दाखवायचे, तेव्हा अडतीस पानांवरून काका निघणार.

"आला का ओटीपी?"

"न्हाई आला."

"काका, फोन हातात वाजला."

"त्ये कंपनीचं व्हतं."

दहा मिनिटांत ओटीपी बाद होतो हे काकांना माझ्याइतकंच ठाऊक. पहिले तीन बाद झाले. मग त्यांना चष्मा सापडेना. तो डोक्यावर होता. मग रेंज नाही म्हणून ते गच्चीवर गेले. मीही मागोमाग गेले. तिथे रेंज भरपूर होती. शेवटी मी म्हटलं, "काका, मला सहाची एसटी आहे."

ते खाली येऊन बसले आणि वाचायला लागले. एकेक आकडा सावकाश. प्रत्येकाच्या मागे एक वाक्य. "ह्यो मूर्तीवाल्याचा. त्याला सकाळी दहाच्या आत फोन करू नका म्हनावं, माती मळतो." "ही मेंदीवाली. गिऱ्हाईक वरडलं की ती लगेच रडती, तिला सांभाळा." नवे नंबर मी यादीतून बघून टाकत होते. काका माझ्याआधी तोंडपाठ सांगत होते. गेल्या आठवड्यात बदललेलेसुद्धा.

काकू जाऊन चार वर्षं झाली. मुलगा सुरतेला, रविवारी फोन करतो. स्वयंपाकाच्या बाई साडेचारलाच थाळी झाकून ठेवून गेल्या होत्या. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं. मी दोनदा म्हटलं, "काका, जेवून घ्या, दिवस चाललाय." ते म्हणाले, "फुडचा घ्या."

सदतीस झाले. राहिले दगडूभाऊ. तेवढ्यात फोन वाजला. काका सवयीनं म्हणाले, "हां बोला, मीच." पलीकडे कुणाला तरी गोंधळासाठी संबळ हवा होता. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "न्हाई, मी न्हाई. नंबर बदललाय. लिवून घ्या." नंबर सांगितला, दोनदा. "आन् पावणं, त्यो सांगंल त्येच द्या. कमी करू नका. लई चांगला वाजिवतो."

फोन ठेवून त्यांनी अडतिसावा ओटीपी वाचला. मी काम संपवलं, लॅपटॉप मिटला. बाहेर दिवस मावळला होता. थाळी झाकलेलीच. मी चहासुद्धा विचारू शकले नाही, कारण तोही आता चालणार नव्हता. मी आणखी अर्धा तास बसले, तेवढ्या वेळात टेबलावरचा फोन एकदाही वाजला नाही. काकांनी तो उचलून आवाज बंद तर नाही ना ते बघितलं आणि परत ठेवला. माझी सहाची एसटी गेली. मी सातच्या गाडीनं आले, आणि गाडीतूनच दगडूभाऊंना फोन करून नंबर बदलल्याचं आणि झाकलेल्या थाळीचं सांगितलं.

पाच तारखेला सकाळी नऊला मी काकांना संस्थेत बोलावून घेतलं. आरशासमोर खुर्ची ठेवली, त्यांना बसवलं.

"कलाकारांना बोलायचा सराव नाही," मी म्हटलं. "आरसा घासाघीस करत नाही. रोज चार जणांना गिऱ्हाईक होऊन फोन करायचा आणि पार पिळून काढायचं. हे काम तुमचं."

"मी गिऱ्हाईक?" काका म्हणाले. "माजा आवाज वळखत्याल की."

"बदला मग. तीन वर्षं जादूगार झाला होतात ना."

त्यांनी घसा खाकरला. दगडूभाऊंचा नंबर न बघता लावला, आणि स्पीकर सुरू केला.

"हॅलो," भलत्याच जाड आवाजात काका म्हणाले, "संबळवाले का?"

"हां काका," दगडूभाऊ म्हणाले. "जेवला का काल?"

"काका कोन? आमी ओतूरवरनं बोलतोय. किती घेनार?"

मग दगडूभाऊंनी दर सांगितला. पूर्ण, एका दमात.

"लई होतंय."

"तेवढंच हाय, पावणं," दगडूभाऊ म्हणाले. "फाडू का?"

काका आरशात बघत राहिले. मी त्यांच्या हातातला फोन घेऊन मूर्तिकाराचा नंबर लावायला गेले, तर काका म्हणाले, "आत्ता नगं. माती मळत आसंल."

मी मेंदीवालीचा लावून दिला.