येतो म्हणून गेलेल्या विमानांची बखर

श्रीगजानन स्मरून, चष्मा पुसून आणि फोन बंद ठेवून लिहिले जाते ऐसे की, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पुणे मुक्कामी भीमथडी एअरवेज या दौलतीने दिगंतविख्यात विश्वपंख या विमान कंपन्यांच्या महासंघात कैसा प्रवेश मिळविला, कोणाची शर्थ जाहली आणि कोणाची नुसतीच धावपळ, ते साद्यंत निवेदन करावे. पदरचे काही घातले नाही. जिथे घातले, तिथे ते तैसे घडावयास हवे होते.

त्यास, या दौलतीचे धनी राजमान्य राजेश्री रंगराव, वय वर्षे एकोणऐंशी, प्रकृती खडखडीत आणि स्वभावही तोच. विमाने तीन. पैकी दोन उडत आणि तिसरे लोहगावी कोपऱ्यात उभे राहून त्या दोघांस लागतील तैसे आपले अवयव पुरवीत असे. नागपूर, इंदूर आणि गोवा या तीन मुलुखांवर दररोज दोन दोन स्वाऱ्या होत, बहुतकरून उशिरा, आणि त्या सर्वांची नोंदवही व उद्घोषणा यांचा दरख म्हणजे कारभार हेमाबाईंकडे. हेमाबाई बावीस वर्षे त्याच खुर्चीवर, त्याच निळ्या शाईने.

दौलतीची एक चाल सांगणे प्राप्त आहे, कारण पुढचे सारे रामायण तिच्यातून उपजले. पहिल्याच स्वारीचे दिवशी वैमानिक खिडकीतून हात करून "जातो" ऐसे बोलला आणि विमान धावपट्टी सोडून चिखलात जे रुतले, ते ट्रॅक्टर लावून काढावे लागले. मग रंगरावांनी हुकूम फर्माविला की, भल्या घरातून निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. विमानानेही तेच म्हणावे. सबब या दौलतीत जो कोणी 'जातो', 'गेले', 'जाणार' ऐसा शब्द बोलेल वा लिहील, त्याने तत्काळ घरी... येथे लेखणी अडखळली आणि 'घरी यावे' ऐसे लिहून मोर्तब जाहले.

तेव्हापासून हेमाबाई भोंग्यावरून पुकारा करीत की, नागपूरचे विमान येत आहे. उतारू चक्रावून खिडकीशी येत.

"अहो बाई, ते तर समोर उभंय! येतंय का जातंय?"

"तिकीट कुठलं आहे आपलं?"

"नागपूरचं."

"मग नागपूरला येतंय. बसून घ्या."

ऐसा कारभार बिनबोभाट चालला असता काळ फिरला. मातब्बर कंपन्यांनी चहूबाजूंनी मोर्चे लावले आणि रंगरावांनी श्रावणात सर्वांस बोलावून स्वच्छ सांगितले की, दिवाळीआत महासंघात घेतले तर ठीक, न घेतल्यास लक्ष्मीपूजन करून कुलूप घालू. हेमाबाई तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या. त्यांस दुसरे काही येत नव्हते ऐसे नव्हे. दुसरे काही करावयाचे नव्हते. त्यांनी त्या दिवशी मान खाली घालून वहीत गोव्याचे विमान लिहिले आणि शाई थोडी फुटली, ऐसे वहीवरून दिसते.

महासंघाचा हुकूम की, मागील तीन वर्षांच्या स्वाऱ्या संगणकी लिपीत धाडाव्या. त्या कामी खराडीहून सलिल नामे तरणाबांड यंत्रवेत्ता आणविला. त्याने वही पाहिली. एका रकान्यात 'येतो', दुसऱ्यात 'आला'. त्याने हेमाबाईंस पुसले, "काकू, हे दोन्ही सेमच ना? अरायव्हल?" हेमाबाई उद्घोषणेत गुंतल्या होत्या, त्या म्हणाल्या, "मराठी शाळेत शिकलास ना? मग वाच." सलिल दहावीपर्यंत मराठी शिकला होता. त्याने वाचले आणि दोन्ही रकाने आगमनात ओतून खलिता युरोप खंडी रवाना केला.

आठवड्यात जबाब आला, तो वाचून दरबार थक्क जाहला. महासंघ लिहितो की, आपल्या तळावर तीन वर्षांत तेरा हजार एकशे बावन्न विमाने उतरली आणि एकही उडाले नाही. इतका अफाट तांडा भूमंडळी दुसऱ्या कोणाजवळ नाही. सबब तो पाहावयास आमच्या वकील स्वतः येत आहेत. मग इतके दिवस खुर्चीत न मावणारा सलिल खुर्चीत दिसेनासा जाहला आणि हेमाबाईंनी वहीवर हात ठेवला, कारण पानोपानी खाली सही त्यांची.

रंगरावांनी मसलत केली की, वकील तेरा हजार विमाने मोजत बसणार नाहीत. त्यांनी विचारले तर विमाने कामावर आहेत म्हणून सांगावे.

"खोटं कुठं आहे त्यात?" रंगराव म्हणाले. "दोन कामावरच असतात."

"सही माझी आहे," हेमाबाई म्हणाल्या.

"मग खरं सांगा. पण तो शब्द आपल्या तोंडून निघाला, तर हुकूम आपल्यालाही लागू. महासंघ मिळो न मिळो."

येणेप्रमाणे हेमाबाईंची कोंडी जाहली. निम्मी विमाने जातात, एवढे सांगितल्यावाचून सुटका नाही आणि जातात ऐसे म्हटले की नोकरीस मुकल्या. न सांगावे, तर बावीस वर्षांची वही लबाड ठरते.

आश्विन मासी वकील दाखल जाहल्या. नाव मादाम इंग्रीद. शिपायांनी दुपारपर्यंत त्यांची इंग्रीदबाई केली होती. त्यांनी कचेरीच्या खिडकीतून तळ न्याहाळला. तेथे एक विमान, त्याचेही एक चाक काढलेले. मग त्यांनी पुसले की, बाकीची कोठे आहेत. सलिलाने छताकडे पाहिले आणि रंगरावांनी सलिलाकडे पाहिले.

तेव्हा हेमाबाई उठल्या. त्यांनी पर्स खांद्यास लावली, छत्री घेतली, दाराशी थांबून वकिलांकडे पाहून स्वच्छ आवाजात "येते हं" म्हटले आणि त्या बाहेर पडल्या.

वकिलांनी दुभाष्याचे काम करणाऱ्या सलिलाकडे पाहिले. सलिल बोलला, "मॅडम, शी सेड, आय ॲम कमिंग." वकील म्हणाल्या की, बाई तर निघून गेल्या. सलिलाच्या डोक्यात तेव्हा कोठे उजेड पडला आणि तो ओरडला, "एक्झॅक्टली, मॅडम! ॲक्च्युअली शी इज गोइंग! पण ती येणारे!"

पाच मिनिटे लोटली, दहा लोटली. वकिलांनी घड्याळ पाहिले आणि हेमाबाई रागाने घरीच गेल्या, ऐसे रंगरावांच्या मनात येऊन त्यांनी तो शब्द मनातल्या मनातही खोडला. बाईंवाचून दौलत कैसी चालेल, हा विचार त्यांस बावीस वर्षांत प्रथमच शिवला आणि त्यांनी पाणी मागितले. विसावे मिनिटी दार उघडले.

"आले," हेमाबाई म्हणाल्या. "उशीर झाला. कँटीनमध्ये चहाला दूध नव्हतं, ते येईपर्यंत थांबले. पण आले."

आणि त्यांनी वही वकिलांपुढे ठेवून पहिल्या रकान्यावर बोट ठेवले, मग दाराकडे दाखविले. दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवले, मग स्वतःकडे.

इंग्रीदबाई हुशार. त्यांनी वही ओढून घेतली आणि दोन्ही रकाने निरनिराळे मोजले. येतो म्हणून निघालेली सहा हजार पाचशे शहात्तर. आलेली सहा हजार पाचशे शहात्तर. लीप वर्षाचा जादा दिवससुद्धा धरून एक कमी नाही, एक जास्त नाही. त्यांनी पुसले की, रद्द जाहलेल्या स्वाऱ्यांचा रकाना कोठे आहे. सलिलाने प्रश्न मराठीत केला. हेमाबाईंस तो समजला नाही.

"रद्द कसं करणार?" त्या म्हणाल्या. "येतो म्हणून सांगितलंय ना एकदा?"

वकिलांनी वही मिटली. मग त्यांनी सांगितले की, महासंघाचे सर्व मातब्बर सदस्य वक्तशीर आहेत, म्हणजे जी विमाने उडतात ती वेळेवर उडतात. उरलेली रद्द होतात आणि त्यांची क्षमा फार गोड आवाजात मागितली जाते. उशिरा का होईना, प्रत्येक वेळी येणारे कोणी त्यांच्या दफ्तरी नाही. तांडा खोटा निघाला, वही खरी निघाली. तीन विमानांनिशी प्रवेश मंजूर. रंगरावांनी नाक शिंकरले आणि सर्दीचे दिवस आहेत, ऐसे कोणी न विचारता सांगितले.

निघते वेळी इंग्रीदबाई दाराशी "आय ॲम गोइंग" म्हणू लागल्या, तोच हेमाबाईंनी हात आडवा केला.

"असं नाही म्हणायचं. येते म्हणा."

"येटे," वकील म्हणाल्या. हेमाबाईंनी ते वहीत उतरविले आणि पुढचा रकाना कोरा सोडला.

तहनामा नरकचतुर्दशीस पोचला. महासंघाच्या यंत्रात भीमथडीपुरते निर्गमन या शब्दाऐवजी 'येतो' लिहावे, ऐसे कलम पडले आणि सलिलाने ते काकूंकडून दोनदा तपासून घेतले. लक्ष्मीपूजन जाहले, कुलूप आणले होते ते तिसऱ्या विमानाच्या दारास लाविले. कार्तिक शुद्ध पक्षी महासंघाचे निशाण घेऊन पहिले विमान लोहगावी उतरले आणि त्यातून इंग्रीदबाई उतरल्या. हेमाबाईंनी घड्याळ पाहिले, वही उघडली, कोऱ्या रकान्यात 'आल्या' लिहिले आणि पुढे बारीक अक्षरात 'वीस मिनिटे उशिरा'.

येणेप्रमाणे भीमथडीची फत्ते जाहली. लिहिणारा आता उठतो. जातो म्हणत नाही.